तांबड्याच्या तेलात पाणी

गेल्या वर्षीचा १४ ऑक्टोबर, सोमवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम पाच हजार रुपये, पाचशेच्या दहा नोटा. हजर माणसं चार : मी, ट्रॅक्टरचे मालक रंगनाथराव, त्यांच्या पत्नी गयाबाई आणि रंगनाथरावांचे साडू नामदेवराव. नामदेवराव जाफराबादला जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करतात आणि त्या नोटा त्यांच्याच होत्या. जागा, हसनाबादपासून साडेतीन किलोमीटरवरची रंगनाथरावांची वस्ती, चिंचेखाली. आणि ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं तो, बोनेट उघडून उभा असलेला, एकवीस वर्षांचा तांबडा ट्रॅक्टर. घरात त्याला तांबड्याच म्हणतात.

नोटा खाटेवर पडलेल्या होत्या. त्यांना कोणी हात लावत नव्हतं.

"उचला की साडू," नामदेवराव म्हणाले. "एक लाख पंधरा हजार म्हंजे काही कमी न्हाई. इसार घ्या, गुरुवारी मी गाडी नेतो. ब्लॉक फुटलेल्या इंजिनाला यापेक्षा जास्त कोण देऊन राह्यलं?"

"ब्लॉक फुटला हे कोणी सांगितलं?" गयाबाईंनी विचारलं.

"मिस्तरीनं दोन महिन्यांत दोनदा हात लावला. अकरा हजार दोनशे घेतले. तरी तेलात पाणी आलंच. मंग फुटलंच असंल ना, वैनी."

मिस्तरी म्हणजे मी. गेली सव्वीस वर्षं हसनाबादच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. त्या क्षणी मी इंजिनातलं तेल बघायची पट्टी हातात धरून उभा होतो. पट्टीवर जे लागलं होतं ते तेल नव्हतं, घट्ट दूध घातलेला चहा होता. अठरा दिवसांपूर्वी याच चिंचेखाली मी छाती पुढे काढून म्हणालो होतो, "आता पाणी आलं तर मजुरी वापस." तेव्हाही हीच चार माणसं हजर होती. फक्त नामदेवराव त्या वेळी आतासारखे गालात हसत नव्हते.

ज्यांचा ट्रॅक्टरशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनात तेल आणि पाणी दोन्ही असतात, पण शेजारी राहूनही त्यांचा उंबरठ्याचा व्यवहार नसतो. तेल आतल्या हलत्या भागांना गुळगुळीत ठेवतं, पाणी बाहेरून फिरून इंजिन थंड करतं. मध्ये धातूच्या भिंती असतात आणि जोडाच्या जागी गॅस्केट किंवा रबरी रिंगा. यातलं काही फाटलं, कडक झालं, की पाणी तेलात शिरतं, तेल पांढरं पडतं आणि अशा तेलावर इंजिन चालवलं की बेअरिंगा खलास. मग खर्चा चाळीस-पन्नास हजारांवर जातो. भिंतच, म्हणजे ब्लॉकच तडकला असेल, तर जुन्या गाडीसाठी तो खर्चा करण्यात अर्थ नसतो. नामदेवरावांसारखी माणसं अशाच वेळी खाटेवर नोटा ठेवतात. त्यांचा दोष नाही, तो त्यांचा धंदा आहे. गाडीचे सुटे भाग विकूनही त्यांना वीस-पंचवीस हजार सुटले असते.

रंगनाथरावांची नजर खळ्यावर होती. नऊ एकरांचं सोयाबीन कापून ढीग मारून ठेवलेलं, मळणी बाकी. मळणीयंत्र फिरवायला ट्रॅक्टरच लागतो. स्वतःचा नसला तर दुसऱ्याच्या पाळीत बसायचं आणि पाळी येईपर्यंत आभाळाकडे बघायचं. मागून हरभऱ्याची पेरणी.

गयाबाई म्हणाल्या, "मेंढरं इकून ह्याला आणला. आता ह्याला इकून काय आणावं?"

हे घर पूर्वी मेंढपाळाचं. बारा वर्षांपूर्वी बेचाळीस मेंढरं विकून त्यांनी हा ट्रॅक्टर जुनाच घेतला. व्यवहाराला मी होतो, इंजिन मीच तपासलं होतं. त्यामुळे तांबड्या फुटला म्हणणं म्हणजे माझ्याही शब्दाला तडा गेला म्हणणं होतं.

मी म्हणालो, "मला आठ दिवस द्या. पुढच्या मंगळवारी याच वेळेला सांगतो. ब्लॉक फुटला असंल तर मी स्वतः गाडी साडूंच्या दारात नेऊन लावतो. फुटला नसंल तर इसार वापस."

"आणि तोवर पैसे?" नामदेवराव.

"मिस्तरीपाशी," गयाबाई म्हणाल्या. "त्याच्या खिशात राहू द्या. काम करताना टोचत राह्यले पाहिजेत."

टोचले. आठ दिवस शर्टाच्या आतल्या खिशात ते पाच हजार घेऊन मी हिंडलो.

आता आधीचा हिशेब. माझ्याकडे प्रत्येक गाडीची वही असते. तारीख, काम, तेल किती, पाणी किती, काय बाकी. माझं अक्षर वाईट आहे, पण आकडे वाचता येतात. वहीप्रमाणे पोळ्याच्या आधी, २८ ऑगस्टला, तांबड्याची सर्व्हिसिंग झाली. तेव्हा तेल स्वच्छ. २० सप्टेंबरला रंगनाथरावांचा फोन, "मिस्तरी, तेल पांढरं दिसून राह्यलं." २३ ते २६ सप्टेंबर मी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं, उतरवलं, जालन्याला लेथवर घासून आणलं, गॅस्केट बदललं, लायनरच्या, म्हणजे पिस्टन फिरतो त्या नळकांड्यांच्या, रबरी रिंगा बदलल्या. सामान, लेथ, तेल आणि तीन हजार पाचशे मजुरी, मिळून अकरा हजार दोनशे. काम चोख होतं. आजही सांगतो, त्या कामात खोट नव्हती. खोट एवढीच होती की त्या कामाची गरज नव्हती. पण ते कळायला वेळ आहे.

या धंद्यात लोक गाडीचं दुखणं सांगतात ते ऐकण्यासारखं असतं. एक गुरुजी जेवणाच्या डब्यात इंजिनाचं तेल घेऊन आले होते. म्हणाले, "वास घेऊन सांगा." डबा मी धुवून दिला, पण त्यांच्या घरून नंतर आठवडाभर निरोप येत होता की वरणाला वास येतो. दुसऱ्या एकाने रेडिएटरमध्ये हळद घातली होती, गळती थांबते म्हणून. गंमत अशी की थांबली होती. सांगायचा मुद्दा, गिऱ्हाईक काय करील याचा नेम नसतो आणि हे मला सव्वीस वर्षांत चांगलं ठाऊक झालेलं. तरीही तांबड्याच्या वेळी मी गिऱ्हाइकाला नीट विचारलं नाही. इंजिनालाच विचारत बसलो.

सोमवारी दुपारीच मी चेंबर सोडलं. इंजिनाच्या पोटाखाली तेल साठायची परात असते, तिला आम्ही चेंबर म्हणतो. ती काढली की खालून आतलं सगळं दिसतं. रेडिएटर काठोकाठ भरला, खाली जमिनीवर कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. लायनरमधून किंवा तडकलेल्या ब्लॉकमधून पाणी येत असेल तर कागदावर ठिपका पडतो. मोठी मशीन नको, काही नको. मंगळवारी सकाळी सातला जाऊन बघितलं. कागदावर तेलाचे तीन ठिपके आणि कोंबडीची पावलं. पाण्याचा थेंब नाही.

"मंग फुटला न्हाई?" रंगनाथरावांनी विचारलं.

"थंड असताना तर फुटलेला दिसत न्हाई. गरम झाल्यावर फट उघडते कधी कधी."

"म्हंजे सांगता येत न्हाई."

"अजून न्हाई."

चेंबर बसवलं. नवं तेल टाकलं, सात लिटर, माझ्या पैशाने. रेडिएटरमधलं साधं पाणी काढून त्यात हिरवं कूलंट भरलं. हिरवं यासाठी, की पाणी इथून तेलात जात असेल तर रंग घेऊन जाईल. काठाखाली दोन बोटांवर तारेने खूण केली आणि रंगनाथरावांना सांगितलं, "रोज रिकामं ट्रेलर जोडून गावापर्यंत एक चक्कर. जास्त न्हाई, अर्धा तास. रेडिएटरात थेंब टाकायचा न्हाई. बोनेट कोणी धुवायचं न्हाई. कोणी पाणी टाकतं का गाडीवर?"

"पाणी कोण टाकंल? दसऱ्याला धुतला तेवढाच."

"वैनी?"

"मला काय काम पडलं त्याच्यावर पाणी टाकायचं?" गयाबाई म्हणाल्या. दोघंही खरं बोलत होते. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर ही गोष्ट सांगताना लोक म्हणतात की गयाबाईंनी लपवलं. बिलकुल नाही.

दसऱ्याच्या धुण्याचा विचार मी केला होता. पण पहिलं पांढरं तेल दसऱ्याच्या बावीस दिवस आधी दिसलं होतं. तारखा माणसाला भलत्या रस्त्याने जाऊ देत नाहीत, हा वहीचा फायदा.

शुक्रवारी पट्टी काढली. पुन्हा चहा.

त्या दिवशी गाडी जागेवरून हलवू दिली नाही. शनिवारी सकाळी इंजिन थंड असताना चेंबरचा बोल्ट जरासा सैल केला. पाणी तेलापेक्षा जड, गाडी उभी राहिली की बरंचसं खाली बसतं आणि बोल्ट सैल केला की आधी पाणी येतं, मग तेल. बाटली धरली. आधी आलं ते पाणी, अर्धा कप. बाटली उन्हाकडे धरली.

पांढरं. म्हणजे स्वच्छ, माठातल्या पाण्यासारखं. हिरवेपणाचा मागमूस नाही. रेडिएटर उघडला, तर पातळी तारेच्या खुणेवर, केसाचा फरक नाही.

मी तिथे चाकावर टेकलो आणि मला हसू यायला लागलं. रंगनाथराव घाबरले.

"काय झालं, मिस्तरी?"

"रेडिएटरातलं पाणी रेडिएटरातच आहे. तेलात आलेलं पाणी तुमच्या इंजिनाचं न्हाईच, रंगनाथराव. पाहुणं आहे."

खरं म्हणजे हा हिशेब मी सप्टेंबरातच करायला हवा होता. एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी गेलं तर पहिल्यात कमी झालं पाहिजे. तेव्हाही रंगनाथराव म्हणाले होते, "रेडिएटरात पाणी तर बराबर हाये," आणि मी मान डोलावून हेड सोडायला घेतलं होतं. हातात पाना असला की माणसाला सगळीकडे बोल्टच दिसतात.

पण आता नवीनच भानगड झाली. रंगनाथरावांचा चेहरा पडला. ते हळू आवाजात म्हणाले, "मंग कोणीतरी टाकून राह्यलं. गाडी खराब झाली की स्वस्तात कोणाला भेटणार?"

त्यांनी साडूंचं नाव घेतलं नाही. घेण्याची गरज नव्हती. गयाबाईंच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. तेलातलं पाणी काढता येतं, पण हे पाणी एकदा घरात शिरलं की कोणतं गॅस्केट टाकून थांबवणार? मी म्हणालो, "मंगळवारपर्यंत एक शब्द बोलू नका." ते बोलले नाहीत, पण शनिवारपासून ट्रॅक्टरशेजारी खाट टाकून बसायला लागले, काठी घेऊन.

शनिवारी घरी जेवताना मी बाटली ताटाशेजारी ठेवली. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, असल्या वस्तूंना सरावली आहे. मी सगळं सांगितलं : कागद, कूलंट, खूण, अर्धा कप.

ती भाकरी वाढत म्हणाली, "पाण्याचं दूध आलं तर मी म्हशीला विचारते का गवळ्याला?"

मी घास थांबवला.

"म्हशीला काय विचारायचं? म्हशीनं तर बराबरच दिलेलं असतं," ती म्हणाली. "म्हशीपासून आपल्या दारापर्यंत कोण कोण आलं ते बघते मी. तुम्ही सहा दिवस म्हशीचीच तपासणी करून राह्यले."

सव्वीस वर्षांचा अनुभव एका बाजूला आणि ही एक भाकरी एका बाजूला.

रविवारी मी दुपारी चारलाच वस्तीवर गेलो. हातात हत्यार नव्हतं. रंगनाथरावांना म्हणालो, "रोजच्यासारखं सगळं करा. गाडी चक्कर मारून आणा. मी नुसता बघणार." ते गेले. मी चिंचेखाली बसलो. गयाबाई चुलीशी होत्या, भाकरीचा वास येत होता. पावणेसहाच्या सुमाराला तांबड्या आला, फटफट करत, रिकामं ट्रेलर खडखडवत. रंगनाथरावांनी रोजच्या जागी उभा केला, इंजिन बंद केलं आणि काठी घेऊन खाटेवर बसले, पहाऱ्याला.

गयाबाई घरातून आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. ट्रॅक्टरसमोर उभ्या राहिल्या. तुकडा बोनेटवरून तीनदा ओवाळला, काहीतरी पुटपुटल्या, तो मागच्या अंगाला फेकला. कोंबड्या धावल्या. मग तांब्याही तीनदा ओवाळला आणि बोनेटच्या वरच्या फटीवर, सायलेन्सरच्या नळीच्या अगदी मुळाशी, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत ओतला. गरम लोखंडावर चर्रर झालं. वाफ आली. त्यांनी रिकाम्या हाताने कडाकडा बोटं मोडली आणि आत निघाल्या.

रंगनाथराव शेजारी काठी घेऊन बसलेले. त्यांनी हे सगळं बघितलं आणि जांभई दिली.

"वैनी!" मी ओरडलोच. "हे काय केलं?"

"काय केलं?" त्या दचकल्या.

"पाणी टाकलं!"

"पाणी कुठं टाकलं? नजर काढली."

मी रंगनाथरावांकडे बघितलं. "तुम्ही पण म्हणले होते ना, कोणी पाणी टाकत न्हाई म्हणून?"

"हाव. न्हाईच टाकत," ते म्हणाले. मग तांब्याकडे बघितलं. मग बोनेटकडे. मग हातातली काठी हळूच खाटेखाली सरकवली.

त्यांच्या लेखी ते पाणी नव्हतंच. दिवा लावणं म्हणजे तेल जाळणं असं कोणी म्हणतं का? तसंच. पाणी टाकणं म्हणजे धुणं, ओतणं, भरणं. नजर काढणं हे वेगळं काम आहे आणि त्याची नोंद मिस्तरीच्या प्रश्नात येत नाही.

"कधीपासून काढता, वैनी?"

"पोळ्याच्या आधीपासून. गाडी बाहेरून फिरून आली की काढते, उभी असली त्या दिवशी न्हाई. मेंढरं होती तव्हा पुढच्या एडक्यावरून रोज ओवाळायची मी भाकरतुकडा. ट्रॅक्टर आल्यावर सोडलं. लोखंडाला काय नजर लागते म्हणलं. पण तुम्हीच सांगितलं ना."

"मी?"

"मंग काय! पोळ्याआधी मशीन दुरुस्त करून इथंच उभे होते. चहा पिऊन राह्यले होते. म्हणले, वैनी, एकवीस वर्षांचं असं इंजिन तालुक्यात न्हाई, नजर लागंल, जपा. आणि इथं हात ठेवून म्हणले," त्यांनी बोनेटवर, त्या फटीशेजारी, थाप मारली, "ह्याचा सगळा जीव इथं आहे. एडक्याच्या पायावर ओतायची मी पाणी. ह्याला पाय कुठले? म्हणलं जीव जिथं आहे तिथं ओतावं."

मला आठवलं. अगदी तसंच म्हणालो होतो. चहा चांगला झाला होता आणि मी खुशीत होतो.

तरी एक कोडं उरलं. पाऊस बोनेटवर पडतो तेव्हा पाणी इंजिनात जात नाही. मग तांब्याभर पाण्याने काय होतंय? मी बोनेट उचललं. फटीच्या बरोबर खाली इंजिनाचं वरचं झाकण, त्यावर तेल भरायचं तोंड. त्या तोंडाला टोपण असतं, घट्ट, रबर लावलेलं. इथे टोपण नव्हतं. चिंधी गुंडाळलेला लाकडाचा बुच होता. चिंधी ओली होती. बुच उपसला, तर त्याच्या खालच्या टोकाला पांढऱ्या लोण्याचा गोळा.

बुच ओळखीचा वाटला. बाभळीचा, एका बाजूने तिरका तासलेला. तासलेला माझ्या हाताने.

खिशातून वही काढली. पाच हजारांच्या शेजारीच होती. २८ ऑगस्टचं पान. तेल सात लिटर, फिल्टर एक आणि शेवटच्या ओळीत माझ्याच वाईट अक्षरात : "ऑइलचं टोपण आटे गेलेलं. चार दिवसांसाठी बुच मारला. जालन्याहून टोपण आणणे." पुढे बरोबरची खूण नाही. सप्टेंबरात हेड काढताना हाच बुच मी हाताने काढला होता, चिंधी बदलली होती आणि परत ठोकला होता. डोळ्यांनी बघितला, पण दिसला नाही.

म्हणजे हिशेब असा. भोक ठेवलं मी. पाणी ओतायला सांगितलं मी. आणि पाणी कुठून येतं हे शोधायचे साडेतीन हजार घेतले तेही मीच.

मी हे तिघांत मोठ्याने म्हणून दाखवलं, एकेक बोट मोजत. आधी गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग रंगनाथराव, जे सात दिवस हसले नव्हते, ते असे हसले की खाटेची एक पट्टी तुटली. खाली बसल्या बसल्या ते म्हणत होते, "मी काठी घेऊन बसलो! डोळ्यांदेखत! काठी घेऊन!"

हसणं ओसरल्यावर ते हळूच म्हणाले, "मिस्तरी, शनिवारी मी जे बोललो, ते..."

"मला काही ऐकू आलं न्हाई. ट्रॅक्टरचा आवाज होता," मी म्हणालो. ट्रॅक्टर शनिवारी दिवसभर बंद होता. ते दोघांनाही माहीत होतं.

सोमवारी सकाळच्या बसने जालन्याला गेलो, टोपण आणलं. दुपारी चेंबर धुतलं, वरचं झाकण धुतलं, तेल पुन्हा नवं. संध्याकाळी तांबड्याला मळणीयंत्र जोडून अडीच तास पूर्ण दमावर चालवला. मंगळवारी, २२ ऑक्टोबरला, साडेनऊला चौघं चिंचेखाली जमलो. पट्टी नामदेवरावांच्या हातात दिली. त्यांनी ती पुसली, परत घातली, परत काढली, अंगठ्यावर तेल चोळलं, वास घेतला. धंद्यातला माणूस. तेल मधासारखं होतं.

"फुटला न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई."

"मंग होतं काय?"

गयाबाईंनी सांगितलं. माझ्यापेक्षा त्यांनीच चांगलं सांगितलं, माझ्या थापेसकट. नामदेवराव हसून हसून बेजार. म्हणाले, "वैनी, आमच्या जाफराबादला तीन गाड्या उभ्या आहेत, गिऱ्हाईक न्हाई. त्यांच्यावरून पण ओवाळा, कोणाची तरी नजर लागू द्या!" मग रंगनाथरावांकडे वळून, "साडू, गाडी इकायची असली की पहिलं मलाच सांगा, पण आता इकू नका. या इंजिनाला अजून दहा वर्षं काही होत न्हाई." गयाबाईंनी त्यांच्या तोंडापुढे हात नेला. "पुन्हा तेच! बोलू नका तसं!"

सोयाबीन त्याच आठवड्यात मळून झालं, अठ्ठेचाळीस पोती. हरभरा वेळेवर पेरला गेला. नजर काढणं गयाबाईंनी सोडलं नाही आणि मीही सोडा म्हणालो नाही. भाकरतुकडा तसाच ओवाळतात. पाणी मात्र पुढच्या डाव्या चाकावर ओतायचं असं ठरवून दिलं आहे. तो त्याचा पाय, असं मी जाहीर केलं आणि त्यांनी मान्य केलं. या वर्षभरात मी तांबड्याची पट्टी अकरा वेळा बघितली. तेल दर वेळी स्वच्छ. आणि माझ्या गॅरेजात आता कोणतंही इंजिन उघडण्याआधी एक प्रश्न असतो : घरातलं कोण कोण रोज या गाडीजवळ येतं आणि काय करतं? गिऱ्हाइकं चक्रावतात. एक जण म्हणाला, जनगणना आहे का?

कोणतंही इंजिन आता कौतुकाच्या आधी तपासून घेतो, एवढंच माझं शहाणपण वाढलं.

राहिला पैशाचा हिशेब. गॅस्केट आणि रिंगा जुन्या झालेल्या होत्याच, त्या कधीतरी बदलाव्याच लागल्या असत्या, म्हणून सामान आणि लेथचे पैसे मालकाच्याच खर्चात धरले. नंतर दोनदा टाकलेलं तेल माझं. मजुरी पूर्ण परत. गयाबाई घेईनात. म्हणाल्या, चूक निम्मी माझी, पाणी मी ओतलं. मी म्हणालो, तुम्ही सांगितलं तेवढंच केलं, सांगणारा मी. बराच वेळ उलटी घासाघीस चालली. मी वाढवतोय, त्या कमी करतायत, नामदेवराव बघतायत. शेवटी त्या घरात गेल्या आणि तांब्या, भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. मला चिंचेखाली उभं केलं, तुकडा माझ्यावरून तीनदा ओवाळला, कोंबड्यांना टाकला आणि तांब्या माझ्या दोन्ही पायांवर रिकामा केला, चपलेसकट. "आता द्या," म्हणाल्या. "आता नजर न्हाई लागणार."

तेव्हा दिलेल्या रकमा अशा : नामदेवरावांना इसाराचे पाच हजार, त्याच दहा नोटा, घामाने जराशा मऊ झालेल्या. गयाबाईंना मजुरीचे तीन हजार पाचशे. आणि आदल्या दिवशी जालन्याच्या स्पेअरपार्टवाल्याला, टोपणाचे, माझ्या खिशातून, एकशे वीस. वहीत २८ ऑगस्टच्या शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.